शंभर पेशींची बेरीज

परवा माळा आवरताना लॅबमधली माझी जुनी वही सापडली. पिवळी पडलेली पानं, वेड्यावाकड्या रेघा. १९९७च्या एका पानावर खाली आकडा आहे, ६. त्याच्याभोवती मी दोनदा गोल केलाय.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. न्यूट्रोफिल या जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम असतं (शाळेच्या पुस्तकातलं विकर, तेच). आमच्या पद्धतीत रंग दिला की ते असेल तिथे निळे दाणे उमटायचे. शंभर पेशी बघायच्या, प्रत्येकीला ० ते ४ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. जंतुसंसर्गात बेरीज चढते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात मात्र पेशींचा नुसता पूर असतो. साध्या रंगात त्यातल्या बऱ्याचशा अगदी तयार, सुदृढ दिसतात, पण हे एन्झाइम जवळपास नसतंच. म्हणजे शिपाई गणवेशात हजर, खिसे रिकामे!

नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, पांढऱ्या पेशी ऐंशी हजारांवर गेल्या होत्या. काकू बाहेर बाकावर बसलेली. मला बघून म्हणाली, "इन्फेक्शनच असेल ना गं?"

पहिली बेरीज ८ आली. वाटलं, रंगच बिघडला असेल. रक्त शिळं झालं तरी हे एन्झाइम उतरतं, म्हणून नानांच्या बोटातून पुन्हा ताजं रक्त घेतलं. ते हसून म्हणाले, "किती टोचतेस गं पोरी!" शेजारी तुलनेसाठी दुसऱ्याची स्लाइड ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की ती स्लाइड फिकी निघू दे, म्हणजे दोष रंगाचा ठरेल. ती छान निळीशार निघाली. नानांची ६.

पुढे बोन मॅरो, गुणसूत्रांची तपासणी, सगळं रीतसर झालं. नाना १९९९मध्ये गेले. या आजारावरच्या इमॅटिनिब गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली २००१मध्ये. या दोन वर्षांचा हिशोब मी करत नाही. आता निदानाला बीसीआर-एबीएल जनुकाची तपासणी असते, ही मोजणी क्वचितच कुणी करतं.

त्या दिवशी बाहेर येऊन मी काकूला म्हणाले होते, "डॉक्टर सांगतील."

काकू, नातू तुला हे वाचून दाखवतो ते माहीत आहे मला. हो, मला तेव्हाच कळलं होतं.