ओळखा पाहू!

वाघोली हे एकेकाळी नगर रस्त्यावरचे खेडे. पुढे दगडखाणी आल्या, क्रशर आले, गोदामे आली आणि त्यांच्यामागून उंच सोसायट्या. २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत गेले. या प्रत्येक टप्प्यावर हाताला काम शोधत माणसे येत राहिली. आमच्याच गल्लीत नांदेड, बीड, बुलढाणा, वाशीम आणि सोलापूर अशा पाच जिल्ह्यांची बौद्ध कुटुंबे आहेत. आम्ही एकाच टँकरचे पाणी भरतो, एकाच पत्र्याच्या विहारात वंदना घेतो. पण खरे सांगायचे तर बरेच दिवस आमची एकमेकांशी ओळख नव्हती.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे दर रविवारी संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले, की मराठवाड्याकडच्या बाया एका भिंतीला, वऱ्हाडातल्या दुसऱ्या भिंतीला, पुरुष दाराशी आणि पोरे बाहेर. ‘जयभीम’ म्हणायचे आणि घरी जायचे. धम्म ऐकायला एकत्र बसणारी माणसे एकमेकांशी बोलत नसतील, तर काहीतरी राहून जाते आहे, असे आम्हा दोघा नवरा-बायकोला वाटले. म्हणून वाचनानंतर अर्धा तास ‘ओळखा पाहू’ खेळायचे ठरवले.

पहिल्या रविवारी खेळ होता बोलीवरून जिल्हा ओळखण्याचा. एकाने दोन वाक्ये बोलायची, बाकीच्यांनी जिल्हा सांगायचा. वऱ्हाडातल्या दादांनी ‘काहून बे’ म्हणताच पोरे खो खो हसली. सोलापूरच्या ताईंचे ‘व्हय की’ सगळ्यांनी ओळखले. हुरूप आला आणि आमच्याच तोंडून निघून गेले, “आता आडनावावरून गाव ओळखा!”

तिसरे की चौथे आडनाव झाले असेल. बीडकडच्या एक मावशी पिशवी उचलून मुकाट्याने निघून गेल्या. आम्हाला वाटले, स्वयंपाक राहिला असेल. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. तेव्हा आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, “बाई, सोसायटीत कामाला लागले की पहिल्या दिवशी हाच खेळ असतो. आडनाव काय? गाव कुठलं? घर गावाच्या कोणत्या बाजूला? एवढं ओळखलं की पाणी प्यायचा गिलास वेगळा. जन्मभर लोकांनी मला असंच ओळखलं. विहारात तरी नको.”

आम्ही काय बोलणार? “मावशी, चुकलं आमचं,” एवढेच म्हणालो आणि परत आलो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्यांनी आमच्यावर चालवलेला खेळ आम्हीच उचलून विहारात आणला होता, आणि तोही हसत हसत.

आपल्या मराठीत ‘ओळखणे’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अंदाज बांधणे, दुसरा जाणून घेणे. अंदाज बांधणारा समोरच्याला विचारतच नाही, तुला काय सांगायचे आहे म्हणून. आम्ही नियम बदलले. ज्याला ओळखायचे, त्यानेच ठरवायचे की आपल्याला कशावरून ओळखावे. आडनाव, जिल्हा, पगार, लग्न, मूलबाळ यांवर प्रश्न नाही.

नवा खेळ असा. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपल्याला येत असलेली एखादी गोष्ट लिहायची. नाव लिहायचे नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या कानाशी बसून मुले लिहून घेतात. चिठ्ठ्या जेवणाच्या डब्यात टाकायच्या, एकेक काढून मोठ्याने वाचायची, आणि ही कोणाची ते सर्वांनी ओळखायचे. तीन अंदाज चुकले, की चिठ्ठीवाल्याने स्वतः उभे राहायचे.

आम्ही मावशींना पुन्हा बोलावणे केले. नवे नियम सांगितले. त्या आल्या, पण दाराशीच बसल्या. त्या दिवशी एक चिठ्ठी निघाली, “मला विहिरीत सूर मारता येतो.” पोरांनी पहिले नाव घेतले व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाचे. नाही. दुसरे रिक्षावाल्या दादांचे. नाही. तिसरा अंदाजही चुकला, आणि दाराशी बसलेल्या साठीच्या मावशी पदर सावरत उठल्या! सगळा विहार टाळ्या वाजवू लागला. मग त्यांनी सांगितले. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, म्हणून त्यांच्या आजोबांनी आणि भाऊबंदांनी वाड्यात स्वतःची विहीर खणली. त्याच विहिरीत लहानपणी त्या भावांबरोबर पोहायला शिकल्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आमची मुले भाषणात दरवर्षी सांगतात. पण पाण्यासाठी स्वतः विहीर खणणाऱ्यांची नात आपल्याच गल्लीत राहते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

‘दोन खरे, एक खोटे’ हा खेळ हल्ली कंपन्यांत फार चालतो. स्वतःविषयी तीन वाक्ये सांगायची, त्यातले खोटे बाकीच्यांनी ओळखायचे. आमच्या मुलीने तो विहारात आणला. पण एका बाबांनी हात वर केला. ते म्हणाले, “पोरी, आत्ताच पंचशील घेतलं ना? खोटं बोलणार नाही म्हणालो ना? भाड्याची खोली मिळवायला बाहेर आडनाव लपवतो आपण. इथं खेळातसुद्धा खोटं नको.” कोणी हसले नाही. तो खेळ आम्ही सोडला.

त्याऐवजी मुलांसाठी ‘मी कोण?’ सुरू केले. पाठीवर सेफ्टी पिनने एक नाव लावायचे. ज्याच्या पाठीवर नाव, त्याने वीस प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. वीस प्रश्न थोडे वाटतात, पण प्रत्येक उत्तराने निम्मी नावे गळतील असे प्रश्न विचारले, तर १० लाख ४८ हजार ५७६ नावांतून एक शोधता येते. हा हिशेब आमच्या आठवीतल्या मुलाने फळ्यावर दोनला दोनने गुणत करून दाखवला. नावे आम्ही आपली घेतो : उपाली, सुनीत, किसा गोतमी, शाहू महाराज, माता रमाई, १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढणारे शिवराम जानबा कांबळे. एका मुलीला तेराव्या प्रश्नात मुक्ता साळवे सापडली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध छापून आलेली, फुले दांपत्याच्या शाळेतली अवघी चौदा वर्षांची मुलगी. “म्हणजे माझ्याच वयाची!” ती ओरडली.

विहारात खेळ कशाला, असेही काहींनी विचारले. त्यांना आम्ही खुद्दकपाठातला कुमारपञ्ह दाखवला. त्यात एकपासून दहापर्यंतच्या आकड्यांवर दहा प्रश्न आहेत. सात वर्षांच्या सोपाकाला तथागतांनी हे प्रश्न विचारले, असे परंपरा सांगते. त्याची परीक्षा त्याच्या उत्तरांवरून झाली, जन्मावरून नाही.

ज्यांना आपल्या वस्तीत हे करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. दहा-पंधरा माणसे गोलात बसवा. नवरा-बायको, मायलेकी शेजारी बसवू नका. खेळ अर्ध्या तासात थांबवा. ज्याला चिठ्ठी टाकायची नसेल, त्याला आग्रह करू नका. आणि कोणी उठून गेले, तर स्वयंपाक राहिला असेल असे धरून बसू नका. त्याच दिवशी घरी जाऊन विचारा. आम्ही दोन आठवडे उशीर केला.

मावशी आता दर रविवारी येतात. दोन मुली त्यांच्या मागे लागल्या आहेत, आम्हाला पोहायला शिकवा म्हणून. इथे विहीर कुठून आणायची, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

तुमच्या विहारात असे कोणते खेळ खेळता, ते अवश्य कळवा. जयभीम!