उजेड धरणारे हात

आपल्या अकलूज परिसरात विजेरीला विजेरी कोणी म्हणत नाही, ती ‘बॅटरी’. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असते, त्या आठवड्यात उसाला दारे धरायला जाणाऱ्या माणसाच्या हातात ती असतेच. पायापुढच्या चार हातांवर उजेड पाडावा, बांधावरची घोणस वेळीच दाखवावी, पाट कोठे फुटला ते सांगावे, एवढेच तिचे काम. सजावटीशी तिचा संबंध नाही. अशा या गरीब साधनाने रात्रीच्या अंधारात छायाचित्रे काढता येतात आणि ती पुष्कळ काही शिकवून जातात, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावेसे वाटते.

दिवसा छायाचित्र काढताना सूर्य सगळ्यांवर सारखाच पडतो. निवड कॅमेऱ्याच्या चौकटीपुरती राहते. रात्री मात्र चौकटीत काय दिसावे आणि काय अंधारात राहावे, हे हातातली बॅटरी ठरवते. कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवायचे आणि तेवढ्या वेळात, भिंतीला चुन्याचा कुंचला फिरवावा तसा, विषयावरून उजेड फिरवायचा. कॅमेरा तो उजेड साठवत जातो. डोळ्यांना क्षणाक्षणाने तुकड्यांत दिसलेले, चित्रात एकाच वेळी उमटते.

कृती अवघड नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा. तो नसेल तर विटांचा थर आणि त्यावर वाळूची पिशवी पुरते. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ आणि शटर ३० सेकंद, येथून आरंभ करावा. अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. म्हणून आधी विषयावर बॅटरी रोखून फोकस साधावा आणि मग तो तेथेच कायम करून ठेवावा. शटर बोटाने दाबल्यास कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. बॅटरी सतत हलती ठेवावी. एका जागी थांबली की तेथे पांढरा डाग पडतो. तिचे तोंड भिंगाकडे वळू देऊ नये. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांशच उरतो. त्यामुळे दूरच्या कोपऱ्याला जवळच्या कोपऱ्याच्या चौपट वेळ द्यावा लागतो. जुन्या बल्बच्या बॅटरीचा उजेड पिवळसर, एलईडीचा निळसर पांढरा. एलईडीपुढे पिवळा जिलेटिनचा कागद धरला की दगडाला ऊब येते. आज बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यातही शटरचा वेळ हाताने ठरवता येतो, त्यामुळे महागडा कॅमेरा हवाच असे नाही.

या सगळ्यात कळीचा प्रश्न एकच: उजेड कोठून यावा? कॅमेऱ्याला जोडलेला फ्लॅश समोरून, अगदी भिंगाच्या शेजारून येतो. तो वस्तू उजळतो, पण सपाट करतो. कारण पडणारी सावली वस्तूच्या मागेच लपते. बॅटरी कॅमेऱ्यापासून दूर, एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरली की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि दगड बोलू लागतो.

याचा सर्वांत सुंदर दाखला महाराष्ट्रात अजिंठ्याला मिळतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गर्भगृहात, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. वाटाडे तिच्यावर बॅटरी धरतात. एका बाजूने उजेड टाकला की मुद्रा गंभीर दिसते, दुसऱ्या बाजूने टाकला की ओठांवर मंद स्मित उमटते, आणि समोरून टाकला की चेहरा ध्यानस्थ, निवांत होतो. तेथे फ्लॅश वापरायला बंदी आहे, कारण भित्तिचित्रांचे रंग जपायचे आहेत. विजेचे दिवे येण्यापूर्वी आरशांनी आणि पांढऱ्या कापडांनी बाहेरचे ऊन परावर्तित करून आत नेत असत. पंधराशे वर्षे झाली, दगड तोच आहे. बदलते ती उजेडाची दिशा. एखाद्याकडे आयुष्यभर एकाच बाजूने पाहून त्याला कायमचे ओळखले असे समजणाऱ्या समाजाने ही मूर्ती तीनही बाजूंनी पाहावी, असे मला प्रत्येक भेटीत वाटत आले आहे.

माझ्या घरातही असा एक दगड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातला देव्हारा गेला आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या, तथागतांची आणि बाबासाहेबांची. त्या तसबिरी रोज पुसणाऱ्या आजीचे मात्र एकही छायाचित्र नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. फोटो काढायला तालुक्याच्या गावी जावे लागे, पैसे लागत, आणि दोन्ही असले तरी फोटो काढून घेण्याइतकी आपली किंमत आहे, असे तिला कोणी सांगितले नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या आवाजांमागच्या कितीतरी चेहऱ्यांची मात्र कोठे नोंद उरलेली नाही.

आजीचे जाते माळ्याखाली पडून होते. दिवसाउजेडी त्याचे फोटो काढले तेव्हा तो एक काळा, गोल दगड दिसला. त्यापलीकडे काही नाही. एका अमावस्येच्या रात्री वरचा दगड बाजूला उभा केला, घरातले दिवे मालवले आणि जमिनीलगत बॅटरी धरून ती वीस सेकंद सावकाश सरकवत नेली. चित्रात टाकी लावताना पाडलेल्या खाचा एकेक करून उठून आल्या, काठाशी खोल, मध्याशी झिजलेल्या. लाकडी खुंट्याची एक बाजू खडबडीत आणि दुसरी गुळगुळीत दिसली. तिचा तळवा जेथे फिरत असे, तेथे लाकूड झिजून चकाकत होते. आजीचा चेहरा मला कधीच मिळणार नाही. तिच्या हाताची खूण मात्र मिळाली, आणि ती बाजूने आलेल्या उजेडानेच दाखवली.

या तंत्राचा इतिहास जुना आहे. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांचे सहकारी जॉर्ज दमनी यांनी १८८९ मध्ये माणसाच्या अंगाला लहान दिवे बांधून त्याच्या चालण्याच्या रेषा टिपल्या. १९३५ मध्ये मॅन रे यांनी हातातल्या दिव्याने हवेत रेघोट्या ओढल्या, आणि १९४९ मध्ये योन मिली यांनी पिकासोला अंधारात उजेडाने चित्रे काढताना टिपले. मला मात्र यांतले सर्वांत जवळचे वाटते ते अमेरिकेतील फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याचे काम. १९१० च्या दशकात त्यांनी कामगारांच्या हातांना दिवे बांधले आणि हाताच्या हालचालींच्या रेषा छायाचित्रात उतरवल्या. कोणती हालचाल अनावश्यक आहे ते शोधून काम कमी श्रमात, अधिक वेगाने व्हावे, हा त्यांचा हेतू होता.

आपल्या शाळेतील मुलांना मी सुट्टीच्या दिवसांत हे तंत्र शिकवतो. मुलांनी गिलब्रेथांची कल्पना उचलली आणि भोजनालयात नेली. भाकरी थापणाऱ्या मावशींच्या मनगटाला एक लहानसा एलईडी दिवा बांधला, ट्यूबलाइट बंद केली, शटर उघडले. चित्रात मावशी दिसत नाहीत. दिसते ती पीठ मळतानाची पुढेमागे जाणारी दाट रेघ, थापताना फिरत गेलेले वर्तुळ, आणि तव्याकडे झेपावलेली एक लांब कमान. मावशींनी मोबाइलच्या पडद्यावर ते पाहिले आणि म्हणाल्या, “आगं बया, एवढा फिरतो व्हय माझा हात?” आपण सर्वांनी त्या हाताचे खाल्ले आहे. त्या हाताचा वेग वाढावा यासाठी हे चित्र नव्हते. तो हात दिसावा, एवढ्यासाठी होते.

त्याच रात्री विहाराचे चित्र घेतले. सातवीतला एक मुलगा काळा स्वेटर घालून, बॅटरी घेऊन, तीस सेकंदांत भिंतींवरून उजेड फिरवत गेला. विहार उत्तम उमटला. मुलगा कोठेच नव्हता. “सर, मी कुठाय?” त्याने विचारले. मी कारण सांगितले: तू सतत चालत होतास, कपडे गडद होते, आणि तुझा सगळा उजेड तू भिंतीला दिलास. त्याचे समाधान झाले नाही, होऊही नये. त्याचे आईवडील सहा महिने ऊसतोडीच्या फडावर असतात. कारखान्याचे गाळप, साखरेची पोती, बाजाराचा झगमगाट यांच्या चित्रांत तेही कोठे दिसत नाहीत.

मग दुसरे चित्र घेतले. विहाराला उजेड देऊन झाला की भिंतीचा जो भाग मुद्दाम अंधारात ठेवला होता, त्यापुढे त्याने निश्चल उभे राहायचे, आणि त्याच्या मित्राने बाजूने तीन सेकंद त्याच्या चेहऱ्यावर बॅटरी धरायची, असे ठरले. उजळलेल्या भिंतीपुढे उभा राहिला असता तर भिंत त्याच्या आरपार दिसली असती. म्हणून अंधारी जागा. या वेळी तो आला, ठसठशीत आला. तथागतांनी आनंदाला स्वतःचा दीप स्वतःच होण्याचा उपदेश केला, तो वाट चालण्यासाठी. त्या रात्री मुलांना त्याच्या शेजारची आणखी एक गोष्ट उमगली: आपली वाट आपण उजळावी, पण आपला चेहरा दिसण्यासाठी कोणीतरी सोबत्याने क्षणभर आपल्याकडे उजेड वळवावा लागतो. ही शाळा ज्यांनी उभी केली, त्यांनी आपल्यासाठी तेच केले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. स्मरणिकेतील समूहचित्रांत खुर्च्यांवर बसलेले दिसतात. स्वयंपाकघरात असलेले, फाटकावर रात्र काढणारे, फडावर गेलेले दिसत नाहीत. या खेपेला घरी गेलात की एका रात्री दिवे मालवा. आईचे हात, वडिलांचा कोयता, आजीचे जाते, चुलत्यांचा हलगीचा कडा, जे असेल त्यावर बाजूने बॅटरी धरा. मोबाइल विटांवर टेकवा आणि घाई करू नका. चित्राखाली नाव, गाव आणि वर्ष लिहा. नाव लिहायला विसरू नका. त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात ही माणसे असावीत.

जय भीम!