जिंकणाऱ्या गाडीचा मालक

मोटारींच्या शर्यती आणि मी! तुम्ही हसाल. मोटारीतलं मला कळतं ते एवढंच, की घाट लागला की मळमळतं आणि आवळासुपारी पर्समध्ये ठेवावी लागते. पण गेल्या वर्षी एका अमेरिकन शर्यतवाल्यानं माझे असे कान उपटले, की ती हकीगत तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचे चिरंजीव तेव्हा आठवीत. शिष्यवृत्तीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे ‘बाईंचा मुलगा’ म्हणून सगळ्यांचे डोळे आमच्याच घराकडे, असं आपलं मला वाटायचं. मी कंबर कसली. फ्रिजवर वेळापत्रक लावलं. पहाटे पाचला उठणं, साडेनऊला दिवा बंद. टीव्ही बंद, म्हणजे सासूबाईंची मालिकाही बंद. बाप-लेक रात्री क्रिकेटवर गप्पा मारत बसतात म्हणून यांची गादी चक्क बाहेरच्या खोलीत घातली! तळण नाही, थंड नाही, पाहुणे नाहीत. सराव-प्रश्नपत्रिका मात्र रोज एक.

पंधरा दिवसांत पोराचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वेळापत्रकाची चौकशी केली आणि म्हणाले, “औषध देतो, पण याला जरा खेळू द्या.” मला राग आला. मनात म्हटलं, यांना काय जातंय सांगायला!

त्या रविवारी मी मेथी निवडत बसले होते. चिरंजीव जवळ येऊन बसले. हातात मोटारींचं जाडजूड पुस्तक, मामानं दिलेलं. एरवी मी ते कपाटावर टाकलं असतं. पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघून गप्प बसले. तो सांगू लागला.

कार्ल कीकहेफर नावाचा एक उद्योजक होता, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. १९३९ साली त्यानं तिथल्या एका लहान गावातला बुडीत कारखाना घेतला. कारखान्यात होड्यांना लावायची ३००च्या आसपास यंत्रं पडून होती, गिऱ्हाइकानं खराब म्हणून नाकारलेली. यानं ती दुरुस्त करून विकली आणि त्यातून ‘मर्क्युरी’ हा होडीच्या यंत्रांचा मोठा धंदा उभा केला. (आपण शिळ्या पोळीचा मलिदा करतो, त्यातलाच प्रकार, असं मला वाटलं.)

धंद्याची जाहिरात व्हावी म्हणून १९५५ साली हा गडी ‘नॅसकार’च्या शर्यतींत उतरला. ‘स्टॉक कार’ म्हणजे तेव्हा खास शर्यतीसाठी घडवलेली नव्हे, तर दुकानात विकायचे तशी गाडी असायची. यानं आणली क्रायस्लर ३००. ३०० अश्वशक्तीची म्हणून हे नाव. तोंडात सिगार, स्वभाव तापट आणि थाट तर विचारू नका! इतर लोक आपापल्या गाड्या दोराला बांधून ओढत आणायचे; याच्या गाड्या बंद ट्रकमधून यायच्या आणि त्याचे कामगार गणवेशात. मैदानातली माती नेऊन तपासायचा. मातीच्या रस्त्यावर यंत्रात धूळ जाते म्हणून कागदी गाळणी वापरायला लागला. त्याचं श्रेय त्याला देतात.

पहिल्याच वर्षी त्याचा चालक टिम फ्लॉक १८ शर्यती जिंकून विजेता ठरला. पुढच्या वर्षी तर याच्या गाड्यांनी लागोपाठ १६ शर्यती मारल्या!

“आणि आई,” चिरंजीव म्हणाले, “शर्यतीच्या आदल्या रात्री तो आख्खं मोटेल भाड्यानं घ्यायचा. चालक एकीकडे आणि त्यांच्या बायका दुसरीकडे. झोपायची वेळसुद्धा तोच ठरवायचा.”

बाहेरच्या खोलीतून यांचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, मैत्रिणींनो, हसू होतं.

“मग त्या फ्लॉकनं काय केलं?” मी विचारलं.

“सोडून गेला. १९५६ मध्येच. जिंकत असताना! त्याला पोटात अल्सर झाला होता.”

एवढं बोलून तो खाली मान घालून मेथीची काडी मोडत बसला. माझे हात थांबले.

पुढचं मी त्याच्या पुस्तकातून रात्री स्वतः वाचलं. १९५६ च्या शेवटी कीकहेफरचा चालक बक बेकर गुणांत मागे होता आणि पुढे होता हर्ब थॉमस, याचीच नोकरी सोडून गेलेला. तेव्हा कीकहेफरनं शेल्बी गावचं मैदान भाड्यानं घेऊन एक जादा शर्यतच भरवली. त्या शर्यतीत याच्याच दुसऱ्या चालकाची गाडी थॉमसच्या गाडीवर आदळली. थॉमस फार वाईट जखमी झाला; त्याची कारकीर्द जवळजवळ तिथंच संपली. विजेतेपद बेकरला मिळालं. पण लोक आधीपासूनच या मालकाची हुर्यो उडवत होते. आपल्या यंत्रांचा खप बसेल या धास्तीनं त्यानं त्या हंगामानंतर शर्यती सोडल्या. दोन वर्षं, दोन विजेतेपदं, आणि टाळ्या वाजवायला कुणी नाही! १९८३ साली तो वारला.

मैत्रिणींनो, मी काही कुणाला जखमी केलं नव्हतं. पण ‘जादा शर्यत’ हे शब्द वाचले आणि मला रोजची जादा प्रश्नपत्रिका आठवली. शर्यत त्याची होती, पोट त्याचं दुखत होतं, आणि जिंकायचं होतं मला! शाळेत चार बायकांत ताठ मानेनं बसता यावं म्हणून.

सकाळी मी वेळापत्रक काढलं. सगळं नाही हं. झोपेची वेळ ठेवली. प्रश्नपत्रिका आठवड्याला दोन केल्या. सासूबाईंची मालिका सुरू झाली. यांची गादी आत आली. संध्याकाळी तासभर खेळणं सुरू झालं आणि पंधरवड्यात पोटदुखी कमी होत गेली.

निकाल काय लागला, असं तुम्ही विचारणारच. यादीत नाव आलं नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्याच आठवड्यात स्वारी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि ओरडली, “आई, भूक लागलीय, दोन पोळ्या जास्त कर!”

मी तीन केल्या.