नागपुरात शिंपी शोधताना

परक्या शहरात डॉक्टर सापडतो, उतरायला जागा सापडते, जेवणाचे चांगले ठिकाणही दोन माणसांना विचारले की कळते. चांगला शिंपी मात्र सहजी हाती लागत नाही. पाटीवरून त्याच्या हाताची परीक्षा होत नाही, आणि ज्याचे काम चोख असते त्याच्या दारावर बहुधा धड पाटीही नसते. गेल्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको धाकट्या मुलाच्या निकाहसाठी त्याला घेऊन मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला गेलो, तेव्हा हातात बारा दिवस होते आणि मुलाला घालायला शेरवानी नव्हती.

ती नसण्याला कारण होते. आठवीत असताना तो चिंचेच्या झाडावरून पडला. हाड जुळले, पण डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली राहिला. दुखत नाही, काम अडत नाही. फक्त रेडीमेड शेरवानी अंगात घातली की कॉलर एकीकडे कलते, बटणांची रांग तिरपी होते आणि डाव्या काखेखाली कापडाच्या वळ्या पडतात. मिरजेत पाहिल्या, पुण्यात पाहिल्या. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेता त्याला चारदा म्हणाला, "जरा सरळ उभे राहा ना!" पाचव्यांदा त्याने शेरवानी काढून ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "मी साधा कुर्ताच घालतो. साधेपणा बरा." हसत म्हणाला. पण गेली बारा वर्षे घरातल्या प्रत्येक फोटोत तो डावी बाजू कोणाच्या तरी आड ठेवून उभा असतो, हे आम्हाला ठाऊक होते. निकाहच्या दिवशी दुल्ह्याला कोणाच्या आड उभे करणार?

व्याही म्हणाले, "नागपुरात शिवून घ्या. हे शिवणाऱ्यांचे गाव आहे." आम्हाला ही गावाची बढाई वाटली. नंतर विचार केला तर त्यात तथ्य होते. 1956 पर्यंत नागपूर राजधानी होती, आधी मध्यप्रांत-वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. म्हणजे सचिवालय, साहेबलोक, हायकोर्ट सगळे इथे. शेजारी कामठीला 1821 पासून लष्करी छावणी. आजही तिथे गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्र आहे. राजधानी गेली, पण हायकोर्टाचे खंडपीठ राहिले, आणि 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही इथे भरू लागले. फौजी वर्दी, वकिलाचा काळा कोट आणि पुढाऱ्याचे जॅकेट, तिन्हींची मदार खांद्यावर. असे खांदे बसवणारे हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले असतील तर नवल नाही. कापडाचे तर सांगायलाच नको. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथेच 1 जानेवारी 1877 ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून ते नाव. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. मोमिनपुरा हे नावही मोमीन विणकरांवरूनच आले.

पहिले दोन दिवस सीताबर्डी आणि सदर पालथे घातले. काचेची दुकाने, बाहेर पुतळ्यांना घातलेल्या जरीच्या शेरवान्या. एकाने मुलाकडे ओझरते पाहिले आणि म्हणाला, "ट्रायलची गरजच नाही, एकदम फिट देतो." आम्ही तिथून चहासुद्धा न घेता उठलो. ज्याला ट्रायल नको त्याला गिऱ्हाईकही नको असते, फक्त ऑर्डर हवी असते. तिसऱ्या दिवशी गांधीबागेत कापड घेतले, साडेतीन मीटर, मोतिया रंगाचे, बिनजरीचे. तिथे ज्या ज्या कापडवाल्याला विचारले त्याने आपापल्या माणसाचे कार्ड हातात ठेवले. चार दुकाने, चार कार्डे. कापडवाल्याच्या शिफारशीवर आमचा फारसा भरवसा नाही. त्यात त्याचाही वाटा असू शकतो.

वाट दाखवली ती इतवारीतल्या एका अस्तर-बटणांच्या दुकानदाराने. आम्ही अस्तर मागितले, तर म्हाताऱ्याने विचारले, "कोणाकडं शिवून राहिले जी?"

"अजून ठरलं नाही."

"मंग अस्तर काहून घेऊन राहिले? आधी मास्तर धरा. तो सांगन ते न्या."

स्वतःचा धंदा सोडून सल्ला देणाऱ्या माणसावर विश्वास बसतोच. आम्ही विचारले, तुमच्याकडचा सगळ्यात महाग कॅनव्हास कोण नेतो? त्याने थोडा वेळ डोके खाजवले आणि तीन नावे सांगितली. त्यातले एक मोमिनपुऱ्यातले. "तो फ्यूजिंग नेतच नाही," म्हातारा म्हणाला. हे सर्टिफिकेट कोणत्याही पाटीपेक्षा मोठे होते. फ्यूजिंग म्हणजे छातीच्या कापडाला आतून इस्त्रीने चिकटवायचा थर. काम तासाभरात होते, पण तो चिकटला तसाच राहतो, आणि काही धुण्यांनंतर त्याला फोड येतात. कॅनव्हास हाताने टाके घालून बसवावा लागतो, त्यात दिवस जातात. मात्र तो वापरता वापरता अंगाचा आकार घेतो. तेव्हा आमचा सगळ्यांना सल्ला असा की, परगावी शिंपी शोधायचा असेल तर अस्तरवाल्याला विचारा.

असरच्या नमाजनंतर मोमिनपुऱ्यात गेलो. गल्ली अरुंद, जिना त्याहून अरुंद. वर दहा-बारा फुटांची खोली, दोन पायमशिन, कापण्याचे लांब टेबल आणि भिंतीला टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने. मास्तर साठी ओलांडलेले, गळ्यात टेप. बोलणे उर्दूत झाले, इथे मराठीत देतो.

त्यांनी मुलाला सरळ उभे राहायला सांगितले नाही. गाडी किती तास लेट होती, मिरजेत सतारी अजून बनतात का, असे काहीबाही विचारत राहिले, आणि तो बोलण्यात रंगला तेव्हा टेप कधी फिरली ते त्यालाही कळले नाही. नंतर म्हणाले, "ताठ उभ्या माणसाचं माप खोटं असतं. मग त्याला जन्मभर ताठच राहावं लागतं." मग त्यांनी त्याला चटईवर मांडी घालून बसवले आणि पुन्हा माप घेतले. "दुल्हा उभा कितीसा राहतो? बसतो, सही करतो, सलाम करतो. बसल्यावर छाती फुगली तर शेरवानी वाया."

मापाची वही आम्ही डोकावून पाहिली. खांदा, मुंढा, बाही, प्रत्येकापुढे दोन रकाने, उजवा आणि डावा. आमच्या मुलासाठी मुद्दाम आखलेले नव्हते. मागच्या पानांवर सगळ्यांचेच तसे होते. आम्ही विचारले तेव्हा मास्तर सहज म्हणाले, "दोन्हीकडून सारखा माणूस येतो कुठं? पाव इंच, अर्धा इंच, काही ना काही असतंच. तुमच्याकडं जरा जास्त आहे, इतकंच." मुलगा वहीकडे बराच वेळ पाहत होता.

घराणे इदरीसी. हजरत इदरीस (अलै.) यांनी पहिल्यांदा कपडा शिवला असे मानतात, आणि कितीतरी दर्जी घराणी त्यांचे नाव लावतात. दर्जी हा शब्द फारसी 'दर्ज' म्हणजे शिवण यावरून आलेला. खोलीतला दुसरा कारागीर उमरेडकडचा नामदेव शिंपी. शेरवानीची काजे फक्त त्याच्या हातची, असा तिथला नियम. दोघे तीस वर्षे एका टेबलाशी आहेत. मास्तरांचा मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला. त्याबद्दल ते आनंदानेच बोलले, पण नमुन्यांच्या पुठ्ठ्यांचे पुढे काय, हे आम्ही विचारले नाही.

इटलीतल्या नेपल्स शहराच्या शिंप्यांबद्दल आम्ही कधी तरी वाचले होते. तिथे रुबिनाची यांच्या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी नावाच्या कारागिराने 1930 च्या दशकात कोटाच्या खांद्यातली गादी आणि अस्तर काढून टाकले. इंग्रजी कोटाचा ताठा गेला, खांदा सदऱ्यासारखा मऊ झाला आणि तीच त्या शहराची ओळख बनली. मास्तरांना हे सांगितले, तर त्यांनी कातर खाली ठेवून नीट ऐकले. म्हणाले, "शहाणा माणूस. त्याने काढली, मला घालावी लागणार. पण पुरती घालणार नाही."

त्यातच खरी मेख होती. दीड इंचाची सगळी भरपाई गादीने केली तर डावा खांदा सुजल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून त्यांनी पाऊण इंच गादीवर भागवले आणि उरलेले कापण्यात. दोन्ही पल्ले वेगवेगळे कापले, डावा मुंढा खाली घेतला, कॉलर मात्र मानेवरून सरळ बसवली, म्हणजे बटणांची रांग कॉलरपासून नाकासमोर उतरते.

सहाव्या दिवशी पहिली ट्रायल. पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिवण, एकच बाही. आम्हाला ठीक वाटत होते. मास्तरांना वाटले नाही. त्यांनी त्याला दोन पावले चालवले, उजवा हात कपाळापर्यंत न्यायला लावला, आणि डाव्या मुंढ्याची शिवण उभ्या उभ्या उसवून खडूने नवी रेघ ओढली. तो दिवस वाया गेला असे आम्हाला वाटले. अधिवेशन तोंडावर, जॅकेटांच्या ऑर्डरी टेबलावर साचलेल्या, आणि हे पुन्हा मुंढा कापत बसलेले!

दुसऱ्या ट्रायलला थांबलोच होतो म्हणून आमच्यापैकी जो जॅकेट घालणारा, त्यानेही माप दिले. मास्तर टेप लावत म्हणाले, "तुमचा उजवा अर्धा इंच खाली." खुर्चीवर बसलेला मुलगा इतक्या मोठ्याने हसला की काजे करणाऱ्याने मान वर केली.

अकराव्या दिवशी इशाच्या आधी शेरवानी मिळाली. शिलाई रेडीमेडच्या निम्म्याहून थोडी जास्त पडली. मुलाने ती घातली, आरशात समोरून पाहिले, मग डावीकडून पाहिले. म्हणाला काहीच नाही. खाली गल्लीत उतरल्यावर मात्र त्याने स्वतःहून मोबाइल आमच्या हातात दिला आणि डावी बाजू पुढे करून उभा राहिला, "इथून काढा."

मास्तरांनी उरलेले वीतभर कापड घडी करून पिशवीत ठेवले होते आणि दोन जादा बटणे कागदात बांधून दिली होती. निघताना म्हणाले, "आत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच दाब सोडलाय. लग्नानंतर पोट सुटतं. सुटलं की या, नाही तर पार्सल करा. वहीत माप आहेच."

पावतीवर त्यांनी वहीच्या पानाचा नंबर लिहून दिला आहे. ती पावती सध्या आमच्याकडे नाही. मुलाने आपल्या पाकिटात ठेवली आहे.