29 फेब्रुवारीची खजिनायात्रा

लीप वर्षातला हा जादा दिवस जिओकॅशिंगचे शौकीन मेळावे भरवून साजरा करतात. उपग्रहाच्या मदतीने दडवलेला डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचे, डबा पुन्हा जागेवर ठेवायचा, असा हा खेळ!

अमेरिकेत सहलीचा पहिला थांबा ऑरेगनमधील बीव्हरक्रीकजवळचा. 3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली इथेच दडवली. आता तिथे स्मृतिफलक आहे. दुसरा थांबा सिएटलचे मुख्य कार्यालय. तिथली वेळ आधीच ठरवावी. तिसरा स्नोक्वाल्मी बोगद्यापलीकडचा प्रसिद्ध डबा. पण बर्फामुळे बोगदा नोव्हेंबर ते एप्रिल बंद! म्हणून आयोजकांनी फेब्रुवारीत दोनच थांबे आखावेत. मुलेबाळे बरोबर असताना हट्ट कशाला? तिसरा डबा उन्हाळ्यापर्यंत वाट पाहील.