मोरीजवळची ब्राह्मी, धुऱ्यावरची कुहिली

अकोल्याच्या जुन्या शहरातलं घर, आम्ही नऊ भावंडं. अमरावतीहून आत्या एसटीनं आली की तिच्या पिशवीतून आधी ब्राह्मीची जुडी निघायची. तिची ब्राह्मी बारीक, जाडसर पानांची. आजीची मोरीच्या ओलीवर पसरलेली, गोल पानांची. खरी कोणती, यावरून मायलेकींचं दरवर्षी वाजायचं. पुढे कळलं, एक नीरब्राह्मी, दुसरी मंडूकपर्णी. नाव दोघींचंही ब्राह्मीच. चरकानं बुद्धीसाठी सांगितलेल्या चार रसायनांत मंडूकपर्णी आहे. आजी तिच्या रसाचं तेल कढवून आमच्या टाळूवर थापायची. "ध्यानात राह्यते," म्हणायची.

कुहिलीला मात्र आम्ही घाबरायचो. संक्रांतीच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावर तिच्या वाकड्या शेंगा वाळत, अंगभर सोनेरी मखमल. थोरल्यानं एकदा ती धाकट्याच्या सदऱ्यात टाकली. पोर लोळून लोळून रडलं. आजीनं त्याच्या अंगाला शेण चोपडून त्याला उन्हात बसवलं.

मग आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आजी देवापुढे बसून वाती वळायची, तशीच आबांची बोटं रिकामीच वळत राहायची. बशीतला चहा ओठांपर्यंत पोचेना. वैद्यांनी कंपवात सांगितला आणि औषध कोणतं, तर त्याच कुहिलीचं बी! आजी ते दुधात उकळायची, काळं टरफल नखानं सोलायची, वाळवून कुटायची. चूर्ण घेतल्यावर तासाभरानं आबा सदऱ्याची गुंडी स्वतः लावत. आम्ही दारात उभं राहून ते बघायचो.

पुढे डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, चूर्णही चालूच होतं. आबांचं अंग आपोआप वळवळू लागलं, उठताना भोवळ येई. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आजीनं पदराआडून डबी काढली. ते रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या गोळीत आणि तुमच्या डबीत औषध एकच आहे, लेव्होडोपा. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते याच बियांतून वेगळं काढलं होतं. पण कोणत्या बीत किती, हे घरी मोजता येत नाही. शिवाय हे औषध मेंदूतली डोपामिनची तूट भरतं. डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचं मरण थांबवत नाही. डबी बंद झाली. आजीला फार लागलं ते. आम्हालाही.

स्मृतिभ्रंश रोखेल असं अजून कोणत्याच झाडपाल्याबद्दल सिद्ध झालेलं नाही. जन्मभर ब्राह्मी खाल्लेली आमची आजी शेवटी आमची नावं विसरली. त्या वर्षी आत्या आली ती रिकाम्या पिशवीनं. मोरीजवळची गोल पानं खुडून तिनं आजीच्या हातात ठेवली.

"माय, तुयीच खरी ब्राह्मी व."

आजीनं पान चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि विचारलं, "तू कोन व्हय, बाई?"