आधी हात सांभाळा!

मुलांनो, एक प्रश्न विचारतो. अंतराळात चालण्याचा सराव करताना अंतराळवीराच्या शरीराचा कोणता भाग सर्वांत जास्त दुखावतो? पाय? पाठ? छे! हात. त्यातही बोटं आणि नखं!

खोटं वाटतंय ना? मग ऐका. अमेरिकेत ह्यूस्टनला ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल असा एक पाण्याचा तलाव बांधलाय. अंतराळवीर पूर्ण पोशाख चढवून त्यात उतरतात आणि सहा-सहा तास काम करतात. पोशाखात हवा दाबून भरलेली असते, त्यामुळे हातमोजा फुग्यासारखा ताठ होतो. मूठ वळायची तर दर वेळी त्या हवेशी झुंजायचं! बोटांची टोकं मोज्यावर दाबली जातात, घामानं आत ओल धरते. होता होता नख सुटतं, कधी गळूनही पडतं.

यावर उपाय साधे असतात. नखं बारीक कापायची, आत मऊ मोजा घालायचा, बोटांना पट्ट्या चिकटवायच्या. बाहेरचा मोजाही हाताच्या मापाचाच हवा.

हे वाचलं आणि मला आमच्या सातारा-सांगलीकडचे ऊसतोड कामगार आठवले. त्यांच्याही मुठीत दिवसभर कोयता असतो, शिवाय पाल्याची धार हात कापते. तेही बोटांना चिंध्या गुंडाळतात. उपाय तोच, बरं का! पण अंतराळवीराच्या बोटाकडं बघायला डॉक्टर असतो. फडातल्या मावशी मात्र चिंधी आवळून पुन्हा कोयता उचलतात, कारण मजुरी टनावर मिळते. मापाचा हातमोजा त्यांना नको का?

आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्ट २००७ रोजी रिक मॅस्ट्राचिओ हे अंतराळवीर यानाबाहेर काम करत होते. मोजा तपासताना अंगठ्याजवळ चीर दिसली. हवा गळत नव्हती, तरी त्यांनी काम थांबवलं आणि ते आत परतले. याला भित्रेपणा म्हणाल का? मी तर शहाणपण म्हणेन.

तेव्हा दोस्तांनो, लिहिताना, खेळताना, शेतात राबताना हात दुखला तर लपवू नका, लगेच सांगा. आणि आईबाबांनो, मूल ‘दुखतंय’ म्हणालं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा.